फळा बोलायला लागला, वर्ग गप्प झाला

प्रश्न : आदरणीय बाई, मी कोपरखैरण्याच्या एका मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. पट ४६. गेल्या जूनमध्ये वर्गात मोठं टच पॅनल बसवलं. मुख्याध्यापक म्हणतात, आता मुलांनी प्रश्न विचारायचे, शोधायचं मुलांनीच, आपण नुसती वाट दाखवायची. प्रत्यक्षात मुलं पॅनलकडे टीव्हीसारखी बघतात. "काही प्रश्न?" म्हटलं की एकच प्रश्न येतो, "बाई, हे परीक्षेला आहे का?" खडू-फळ्याच्या काळात निदान दोन-चार वात्रट प्रश्न तरी यायचे. माझं काय चुकतंय?
— एक शिक्षिका, कोपरखैरणे

उत्तर : वात्रट प्रश्नांची तुम्हाला आठवण येते, म्हणजे काही बिघडलेलं नाही. ज्यांना वर्ग गप्प झाल्याचं समाधान वाटतं, त्यांची मला जास्त काळजी वाटते. मी स्वतः चार-पाच महिने त्यांच्यातलीच होते.

२०१८च्या जूनमध्ये आमच्या ठाण्याच्या शाळेत असंच पॅनल आलं. पूजा झाली, नारळ फुटला, हळदकुंकू थेट काचेला लागलं आणि पहिला आठवडा ते पुसण्यात गेला. मी तेव्हा २८ वर्षं खडू खाल्लेली, त्यामुळे हौस दांडगी. सगळे धडे पेनड्राइव्हवर. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा हजेरी चालू असतानाच कळव्याहून येणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, सकाळी येताना खाडी एकीकडे वाहते आणि घरी जाताना उलटी वाहते. नदी अशी मागे फिरते का?"

ठाणे सोडलं की कळवा यायच्या आधी गाडी खाडीवरून जाते. त्या पुलावरून मी वर्षानुवर्षं ये-जा केली होती. खिडकी मिळाली तरी मी वह्या तपासायचे. पाणी कुठे चाललंय हे कधी बघितलंच नव्हतं.

आणि मी काय केलं? आनंदाने पॅनल लावलं. भरती-ओहोटी, आठ मिनिटांची फिल्म. निळी पृथ्वी, गरगर फिरणारा चंद्र, मागे संगीत. मुलं शांत. मला वाटलं, रमली. संपल्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, "पण बाई, सकाळी तर चंद्र नसतो." घंटा व्हायला आली होती. मी म्हटलं, "असतो रे, दिसत नाही." झालं. पुढचे तीन आठवडे त्याने तोंड उघडलं नाही.

त्याने विचारलं होतं पुलाखालच्या पाण्याबद्दल. मी त्याला आकाशातला चंद्र दिला, तोही दुसऱ्या कुणीतरी काढलेला. फिल्म संपली तेव्हा विषयही संपला, कारण फिल्मला शेवट असतो आणि शेवट झाला की मुलं दप्तर आवरतात. तुमच्या वर्गात हेच होतंय, असा माझा अंदाज आहे. पॅनल प्रश्नाच्या आधी येतंय, किंवा प्रश्न आला रे आला की त्याच्यावर पडतंय.

आमच्याकडे पुढे जे झालं, त्याचं श्रेय माझं नाही. चेंदणी कोळीवाड्यातली एक मुलगी डब्याच्या सुट्टीत म्हणाली, "माझे आजोबा कॅलेंडर बघून भरती सांगतात. फिल्म नाही लागत." बोलणं खोचक होतं, पण खरं होतं. मी म्हटलं, आजोबांना वर्गात आण. आजोबा तयार होईनात. "मी चौथी नापास, मी बाईंना काय शिकवू?" मग नातीनेच आईच्या फोनवर त्यांना ओटीवर बसवून रेकॉर्ड केलं. ती दोन मिनिटांची हलती, मागे कोंबडा आरवणारी फिल्म आमच्या पॅनलवर लागली तेव्हा वर्ग पहिल्यांदा पुढे सरकून बसला.

आजोबा म्हणाले, तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीचा आकडा पाऊणने गुणायचा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीनला पाणी भरलं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. माझ्या मुलांना पाऊणकी हा शब्दच माहीत नव्हता. मला होता. लहानपणी वडील पावकी, निमकी, पाऊणकी संध्याकाळी म्हणून घ्यायचे आणि याचा आयुष्यात उपयोग काय, असं मला वाटायचं. तो उपयोग पन्नाशी उलटल्यावर एका कोळ्याच्या ओटीवर सापडला.

वर्गात लगेच दोन तट पडले. निम्म्यांना आजोबांचं खरं वाटलं, निम्मे म्हणाले, असं कसं असेल, समुद्राला तिथी कशी कळते? मी तोंड उघडायच्या आत एक जण म्हणाला, "बघूनच घेऊ." खाडीकाठी होडी बांधायचा जुना लाकडी खांब होता. त्यावर वीत-वीत अंतरावर ऑइलपेंटचे पांढरे पट्टे मारले. ती मुलगी रोज सकाळी साडेसहाला एक फोटो काढायची, त्याच जागेवरून. ३० दिवसांत २६ फोटो मिळाले. चार हुकले, एकदा ताप, एकदा मामाचं लग्न, दोनदा कंटाळा. तिने हे खरं सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं.

आता पॅनल काय कामाचं, तर इथे. २६ फोटो ओळीने एका पडद्यावर लावले. रोज बघताना जे कुणालाच दिसलं नसतं, ते तिथे डोळ्यांत भरलं. एका फोटोत खांब जवळजवळ बुडालेला, मग हळूहळू वर येत येत आठवड्याभरात चिखलात उघडा, मग पुन्हा बुडत चाललेला. शेवटच्या बाकावरचा एक उठून पुढे आला आणि बोट ठेवून म्हणाला, "बाई, हे पंधरा दिवसांनी परत येतंय." कॅलेंडर आणलं. खांब सगळ्यात जास्त बुडालेला फोटो अष्टमीच्या आसपासचा. आठ पाऊण सहा. टाळ्या वाजल्या. कशासाठी, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. आजोबांसाठी असाव्यात.

मग चंद्राचा हिशेब चुकता करायचा होता. स्टेलॅरियम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आपल्या गावाचं आकाश दिसतं आणि दिवस भराभर पुढे नेता येतात. कळव्याच्या त्या मुलाला मी पॅनलपाशी उभं केलं आणि स्वतः मागच्या बाकावर बसले. त्याने दिवस पळवले. चंद्र रोज उशिरा उगवतो, सरासरी ५० मिनिटांनी, हे त्याचं त्याला दिसलं. आणि मग तो ओरडलाच, "बाई, कृष्ण अष्टमीचा चंद्र सकाळी वर असतो!" दुसऱ्याच आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी अख्खा वर्ग माना वर करून उभा. चंद्र होता, पांढुरका, आंब्याच्या वर. "असतो, दिसत नाही" हे माझं उत्तर अर्धं खोटं होतं आणि ते सगळ्या शाळेसमोर उघडं पडलं.

एका मुलीने आणखी खोदलं. आजोबा म्हणतात तिथीला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं. तिने १४४० मिनिटं ३० तिथींत वाटली, ४८ आली. मग आजोबा चूक का? कुणीतरी म्हणालं, होडीत बसून ४८चा पाढा कोण म्हणेल. मला हे उत्तर अजूनही सगळ्यात पटतं.

दिवसातून भरती दोनदा का, हा प्रश्न त्यातून आलाच. तो मात्र मीच समजावला, दोन तास. चंद्र आपल्या बाजूच्या पाण्याला जास्त ओढतो, पृथ्वीला त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी, म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. १२ जणांना कळलं असेल. मुलांनी सगळं स्वतःच शोधायचं असतं, असं म्हणणाऱ्यांनी हा फुगवटा एकदा शोधून दाखवावा. काही गोष्टी शिकवाव्याच लागतात. फरक इतकाच की तेव्हा मुलांना त्या हव्या होत्या.

आता तुमच्या वर्गाकडे येते. फिल्म आणि ॲनिमेशन एक महिना बंद ठेवा. पॅनल बंद नका ठेवू. मुलांनी आणलेलं पॅनलवर लावा: फोटो, आवाज, मोजलेले आकडे. आणि काहीही लावायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत पेनाने लिहायचा. पेनाने, कारण पेन्सिलीने लिहिलेला अंदाज उत्तर दिसलं की खोडला जातो. अंदाज लिहिलेलं मूल पडद्याकडे वेगळं बघतं. त्याचं तिथे काहीतरी पणाला लागलेलं असतं.

वात्रट प्रश्न मात्र जपून ठेवा. मी टाचणाच्या वहीत डावं पान मुलांच्या प्रश्नांना दिलं होतं, उजव्या पानावर धड्याचं टाचण. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे डावीकडचं काय? मी म्हटलं, उजवीकडचं यातूनच येतं. त्यांनी सही केली. पटलं म्हणून की गाडीची वेळ झाली म्हणून, देव जाणे.

गट चार-पाचांचे करा आणि गटाला एकच फोन किंवा टॅब द्या. सुगत मित्रांनी १९९९मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला आणि कधी माउस न पाहिलेली वस्तीतली मुलं तो आपला आपण चालवायला शिकली, हे तुम्ही बी.एड.ला ऐकलं असेल. त्यातलं मी एवढंच घेते: एका यंत्राभोवती चार डोकी असली की मुलं बोलतात, प्रत्येकाला एकेक दिलं की मान खाली जाते. बाई नकोतच, हा त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही. माझ्या वर्गात बाईंनी पाठ फिरवली की पाच मिनिटांत फोन सगळ्यात दांडग्या मुलाच्या हातात असायचा आणि मुली त्याच्या खांद्यावरून बघायच्या. म्हणून यंत्र कुणाच्या हातात, हे मी घड्याळ लावून फिरवत असे.

"परीक्षेला आहे का" याचं उत्तर बिनदिक्कत "हो" द्या. आकारिक मूल्यमापनात उपक्रम, प्रकल्प, प्रात्यक्षिक ही साधनं आहेतच. आपण तिथे वर्षानुवर्षं थर्माकोलच्या ज्वालामुखीला गुण देतो. खांबाच्या फोटोंना द्या. आमचे तास किती गेले विचाराल तर महिन्याभरात सहा. खाडी शाळेच्या वेळेबाहेरच भरत होती.

*

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. शाळेने टॅब दिलाय, घरी माझ्या फोनवर एआय आहे. तिला प्रश्न फार पडतात. परवा तिने विचारलं, "बाबा, ठाण्याला पहिली आगगाडी आली तेव्हा फलाटावर कोण उभं होतं?" आम्ही फोनला विचारलं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, ५७ मिनिटं, १४ डबे, ४०० पाहुणे. साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनं. सगळं मिळालं. ती "बरं" म्हणाली आणि खेळायला गेली. उत्तर इतक्या पटकन मिळाल्याने तिचं कुतूहल मरतंय का?
— एक वडील, घोडबंदर रोड

उत्तर : तुमच्या मुलीला उत्तर मिळालेलंच नाही. तिने विचारलं फलाटावर कोण होतं, फोनने सांगितलं गाडीत किती होते. ती "बरं" म्हणाली ते मोठ्या माणसांना म्हणतात तसं. कुतूहल शाबूत आहे, फक्त तुमच्या फोनवरचा विश्वास थोडा कमी झाला असेल, आणि ते चांगलंच आहे.

मी तोच प्रश्न माझ्या फोनला नेटाने विचारला. त्याने गर्दीचं रसाळ वर्णन केलं. फेटे, नऊवारी, पोरं बापाच्या खांद्यावर, एक म्हातारी इंजिनाला हात जोडतेय. मी विचारलं, हे कुठून घेतलंस? त्याने माफी मागितली. ही म्हातारी त्याने घडवली होती. हा खेळ मुलीसमोर एकदा जरूर खेळा. "तुला कसं कळलं?" हा प्रश्न यंत्राला विचारायची सवय चौथीत लागली तर पुढे व्हॉट्सॲपवरही उपयोगी पडेल.

पण फोनने दिलेले आकडे टाकून देऊ नका, त्यातच पुढचा प्रश्न दडलाय. ५७ मिनिटांत ३४ किलोमीटर, म्हणजे तासाला साधारण ३६. आता तिला एखाद्या रविवारी सीएसएमटीहून धीम्या लोकलने ठाण्याला आणा, घड्याळ तिच्या हातात द्या. जवळजवळ तासच लागेल. मग विचारू नका, ती स्वतःच विचारेल की पावणेदोनशे वर्षांत सुधारलं काय. तिला मधली स्टेशनं मोजू द्या. मशीद ते मुलुंड १७ थांबे. प्रत्येक थांब्याला किती सेकंद जातात, फोनच्या स्टॉपवॉचवर तिला लिहून घेऊ द्या. घरी येऊन ती थांब्यांचा वेळ वजा करेल. यंत्र तेच आहे. एकदा त्याने उत्तर दिलं, एकदा ते तिचं घड्याळ झालं.

फलाटावर कोण होतं, हा प्रश्न मात्र खराच अवघड आहे आणि तसा तो राहू द्या. तिला एवढं सांगा की तेव्हा मराठी वृत्तपत्रं निघत होती, 'प्रभाकर' १८४१पासून, 'ज्ञानोदय' १८४२पासून. म्हणजे कुणीतरी बघून आलेलं असू शकतं, कुणीतरी लिहिलेलं असू शकतं. ठाण्यातल्या जुन्या ग्रंथालयात तिला घेऊन जा. काही नाही सापडलं तर नाही सापडलं. येताना तलावपाळीला भेळ खा.

*

प्रश्न : दिव्यातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. माजी विद्यार्थ्यांनी विज्ञानासाठी देणगी दिली. एक कंपनीवाले टॅब आणि 'शोधातून शिक्षण' असं ॲप, वर्षाची वर्गणी भरून, गळ्यात मारायला बघताहेत. घ्यावं का?
— एक पालक, दिवा

उत्तर : नका घेऊ. शोधातून शिक्षण वर्गणी भरून मिळत असतं, तर मी निवृत्त व्हायच्या आधीच शहाणी झाले असते. त्यांना एकच विचारा, या ॲपमध्ये मूल असं काही शोधू शकतं का, जे ॲप बनवणाऱ्याला आधीच माहीत नाही? बहुतेक ॲपमध्ये 'शोधा' म्हणजे चार पर्यायांतून बरोबर चित्राला बोट लावा.

समितीच्या घरांतून वापरात नसलेले, पण चालणारे चार-पाच फोन गोळा करा. सिमकार्ड काढून टाका. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं ॲप फुकट आहे. फोनमध्ये हादरा, आवाज, चुंबक मोजणारे जे सेन्सर आधीच असतात, ते हे ॲप मुलांपुढे उघडं करतं. त्यात आवाजाने सुरू आणि आवाजाने बंद होणारं स्टॉपवॉच आहे. दोन फोन १० मीटर अंतरावर ठेवायचे, प्रत्येकाजवळ एक मूल. पहिल्याने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू, दुसऱ्याने वाजवली की दोन्ही बंद. दोन फोनवरच्या वेळांत फरक पडतो, सेकंदाच्या साधारण १७ भागांपैकी एक भाग. तेवढ्या वेळात आवाज २० मीटर गेला. भागाकार केला की आवाजाचा वेग.

आम्ही हा प्रयोग आधी व्हरांड्यात केला आणि आकडे नुसते उड्या मारत होते. एका मुलीच्या लक्षात आलं की व्हरांड्यात टाळी घुमते. मैदानात गेलो, दहा वेळा केलं, सरासरी सेकंदाला ३५०च्या आसपास आली. पुस्तकात ३४३. "बाई, पुस्तक चुकलं!" मी गप्प राहिले, या व्यवसायात एवढं एक कौशल्य मला उशिरा का होईना जमलं. दोन दिवसांनी कुणीतरी शोधून आणलं की ३४३ हा आकडा २० अंश तापमानाचा आहे आणि दर अंशाला वेग साधारण ०.६ मीटरने वाढतो. ठाण्यात २० अंश कधी असतं, सांगा.

देणगीतून घ्यायचंच तर कागदी सूक्ष्मदर्शक घ्या, फोल्डस्कोप. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी तो २०१४मध्ये पुढे आणला. कागद दुमडून करायचा, भिंग छोट्या मण्याएवढं, पण १४० पट मोठं दाखवतो. फोनच्या कॅमेऱ्याला चिकटवता येतो, म्हणजे एकाला दिसलेलं सगळ्यांना दिसतं आणि भांडता येतं. गटाराच्या पाण्याचा थेंब पहिल्या दिवशी, कांद्याची साल दुसऱ्या. उलट क्रम नको, कांद्याच्या सालीने कुणी किंचाळत नाही.

उरलेल्या पैशात चांगला एक्सटेन्शन बोर्ड, मोजपट्ट्या, दोन थर्मामीटर आणि एक कुलूप लागणारं कपाट. कपाटाची किल्ली मात्र मुलांच्या मॉनिटरकडे ठेवा. किल्ली मुख्याध्यापकांकडे असलेल्या शाळांत मी नवेकोरे सूक्ष्मदर्शक वेष्टनासकट म्हातारे झालेले बघितलेत. ज्या प्रयोगांना सामान नाही त्यांच्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे पडद्यावर करायचे 'फेट' प्रयोग आहेत, त्यातले बरेच मराठीत आणि मोफत. आणि अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून करायची खेळणी आहेत, ती बनवायला आगपेटी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा पुरतो. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे दीक्षा या सरकारी ॲपवरचं साहित्य आहेच. ते वाईट नाही. पण ते शेवटी दाखवा, मुलं आपापसांत भांडून दमली की.

*

प्रश्न : बाई, मी नेरूळला राहतो, आठवीत आहे. आमच्या बिल्डिंगमागच्या तळ्यावर फ्लेमिंगो येतात. ते एका पायावर का उभे राहतात असं मी वर्गात विचारलं. सर म्हणाले गुगल कर. मुलं हसली. तुम्ही सांगाल का?
— एक विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : हसू दे. हसणाऱ्यांपैकी किती जणांना उत्तर येत होतं?

इथे थांब. वही काढ आणि तुला काय वाटतं ते पेनाने लिही. संपादकांना मी म्हटलं होतं, पुढचा परिच्छेद उलटा छापा, पण त्यांना ते जमणार नाही म्हणे. तेव्हा तुझ्या प्रामाणिकपणावर सोडते.

लिहिलंस? शास्त्रज्ञांकडे मुख्य दोन विचार आहेत. एक, उघड्या लांब पायांतून अंगातली ऊब जाते, म्हणून एक पाय पिसांत घ्यायचा. दुसरा, २०१७मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मेलेल्या फ्लेमिंगोचं शरीर एका पायावर उभं करून पाहिलं, तर ते स्नायूंच्या जोराशिवाय स्थिर राहिलं. दोन पायांवर तसं राहिलं नाही. म्हणजे एका पायावर उभं राहणं त्यांना बहुधा कमी कष्टाचं पडतं. आता तुझ्या तळ्यावरच्या पक्ष्यांना यातलं कुठलं लागू पडतं, हे कुणी मोजलंय असं माझ्या पाहण्यात नाही. तुझ्याकडे खिडकी आहे.

ठाणे खाडीला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हटलं गेलं आणि २०२२मध्ये ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, हे तुला माहीत असेल. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा हे पक्षी खाडीत खातात आणि भरती आली की तुमच्याकडच्या तळ्यांवर विसावतात. म्हणून तुझी वेळ भरतीची. ती कशी काढायची, हे वर कोपरखैरण्याच्या बाईंना लिहिलंय, आजोबांची पाऊणकी. खाडीच्या वरच्या टोकाला ती थोडी उशिरा येते, ते धरून चाल. तळ्यात उतरू नकोस, पक्ष्यांजवळ जाऊ नकोस. मोबाइलचा झूम पुरेल. एक फोटो काढायचा आणि घरी मोठा करून मोजायचं. एकूण किती, एका पायावर किती. हिवाळ्यातल्या सकाळी एकदा आणि मार्चच्या दुपारी एकदा. थंडीचं कारण खरं असेल तर दोन आकड्यांत फरक पडायला हवा. आणि पाण्यात उभे असलेले वेगळे मोज, कोरड्यावरचे वेगळे.

मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२पासून एक विज्ञान कार्यक्रम चालायचा. त्यात सवालीराम नावाचा एक काल्पनिक माणूस होता आणि गावोगावची मुलं त्याला आपले प्रश्न पत्राने विचारायची. मी सवालीराम नाही, मला सगळी उत्तरं येत नाहीत. पण पत्ता मासिकाच्या दुसऱ्या पानावर आहे. तारीख, वेळ, तिथी, एकूण पक्षी, एका पायावरचे पक्षी. पोस्टकार्डात मावेल. डावा पाय की उजवा, हेही जमलं तर लिही, ते मला स्वतःला हवंय.